ढिल्या लगामावरची लोप: वेस्टर्न घोडेस्वारी शिकताना

"वेस्टर्न सोपं असतं हो, खोगीर मोठं असतं, पुढे धरायला मूठ असते" असं काउबॉय पद्धतीच्या या घोडेस्वारीबद्दल तुम्हाला कुणी सांगितलं असेल, तर त्या माणसाला लोप, म्हणजे घोड्याची संथ दौड, करताना बघा. त्याचे हात बघा. लगाम ताणलेला, कोपरं बाहेर, घोड्याचं तोंड आभाळाकडे. मग त्याचा सल्ला किती ऐकायचा ते ठरवा.

खोगीर मोठं असतं ते गुराख्याला दिवसभर त्यात बसता यावं आणि दोरात सापडलेल्या जनावराचा हिसका घोड्याच्या पाठीवर एकाच जागी न बसता पसरावा म्हणून. पुढची मूठ, म्हणजे हॉर्न, दोर बांधायला किंवा गुंडाळायला असते. लगाम ढिला असतो, कारण मेक्सिकोच्या वाकेरो गुराख्यांपासून टेक्सासच्या काउबॉयपर्यंत सगळ्यांनाच एक हात दोरासाठी मोकळा लागायचा. घोड्याने एका हातावर चालावं, वळावं, थांबावं ही त्यांची गरज होती. त्यामुळे लगाम हे इथे शेवटचं साधन. आधी बैठक, मग पाय, मग आवाज, आणि तरीही ऐकलं नाही तर हात.

कुणाकडे शिकायचं

डूड रँचवर, म्हणजे पाहुण्यांना ठेवून घेऊन घोड्यावर बसवणाऱ्या गुरांच्या मळ्यावर, आठवडाभर राहायला जरूर जा. हा धंदा जुना आणि इमानी आहे. वायोमिंगमधलं ईटन्स रँच १९०४ पासून पाहुण्यांना घोड्यावर बसवतंय. पण डोंगरातल्या वाटेवर एकामागोमाग चालणाऱ्या घोड्यांच्या रांगेत तुमचा घोडा पुढच्याची शेपटी बघून चालतो, तुमचं ऐकून नाही. रपेट होते, शिक्षण होत नाही. फोन करताना एकच प्रश्न विचारा: कुंपणाच्या रिंगणात मला एकट्याला घोडा चालवायला मिळेल का? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे फक्त सुट्टी घालवा.

शिक्षकाला तो कुठल्या परंपरेतला हेही विचारा. टेक्सासकडचे लोक आखूड दोर हॉर्नला पक्का बांधतात आणि दोन सुट्या पट्ट्यांचा लगाम वापरतात. नेवाडा, पूर्व ओरेगन, आयडाहोकडचे बकारू, म्हणजे तिकडचे गुराखी, साठ-साठ फुटी दोर हॉर्नभोवती गुंडाळतात. तोंडात कडी देण्याबाबतही त्यांची घाई नसते: आधी स्नॅफल ही साधी कडी, मग बिनकडीचं हॅकमोर, मग हॅकमोरचा आणि कडीचा असे दोन्ही लगाम एकत्र, आणि काही वर्षांनी स्पेड बिट ही मोठी कडी. दोन्ही बरोबर आहेत. एक शनिवार याच्याकडे, एक त्याच्याकडे असं केलंत तर मात्र घोड्याचा आणि तुमचा, दोघांचाही गोंधळ होईल.

पुण्यात किंवा एनसीसीच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी युनिटमध्ये, म्हणजे घोड्यांच्या तुकडीत, घोड्यावर बसलेले असाल तर तुमचे पाय उपयोगी पडतील, हात पडणार नाहीत. घोड्याच्या तोंडाशी सतत हलका ताण ठेवायची तिथली, इंग्लिश पद्धतीची सवय इथे पहिल्याच दिवशी मोडावी लागते.

घोडा, कपडे, खोगीर

घोडा विकत घेऊ नका. बारा-पंधरा वर्षांचा, खच्ची केलेला, कंटाळलेल्या चेहऱ्याचा क्वार्टर हॉर्स, म्हणजे काउबॉयच्या कामाच्या अमेरिकन जातीचा घोडा, भाड्याने घ्या. साधारण पाचशे किलोच्या घोड्यावर स्वार आणि खोगीर मिळून शंभर किलोच्या पुढे जाऊ नये. वेस्टर्न खोगीरच पंधरा-अठरा किलोचं असतं, हे हिशेबात धरा.

बूट टाचेचे, तळवा गुळगुळीत. स्पोर्ट्स शूज घालून आलात तर मी तुम्हाला घोड्यावर बसू देणार नाही. रिकिबीत पाऊल अडकून फरफटत जाण्याची ती सर्वांत सोपी पद्धत आहे. डोक्यावर हेल्मेट. हॅट फोटोसाठी ठेवा.

खरारा, खूर साफ करणं हे गृहीत धरतो. खोगीर चढवताना पुढचा तंग (पोटाखालून जाणारा पट्टा) आधी, मागचा नंतर, छातीचा पट्टा शेवटी. उतरवताना बरोबर उलट. मागचा तंग आवळलेला आणि पुढचा सुटलेला अशी वेळ कधीच येऊ देऊ नका. खोगीर घसरून पोटाखाली गेलं की शांत घोडाही लाथा झाडत सुटतो. पुढचा तंग तीनदा तपासायचा: आवळल्यावर, चार पावलं चालवल्यावर, बसण्याआधी. पुष्कळ घोडे पहिल्यांदा छाती फुगवून उभे असतात.

चाल, जॉग आणि थांबणं

चाल, म्हणजे घोड्याचं साधं चालणं, आपोआप येते. जॉग, म्हणजे आपली दुडकी पण हळू, बसून करायची. कंबर सैल ठेवली की जमते.

थांबण्याचा क्रम मात्र पाठ करा. श्वास सोडा, जागेवर जड बसा, "व्हो" म्हणा, आणि त्यानंतरच लगाम उचला. घोडा थांबल्याच्या क्षणी हात खाली. तुम्ही दाब सोडता त्या क्षणी घोडा जे करत असतो तेच तो शिकतो. थांबूनही हात वरच राहिला तर थांबण्यात त्याला काही फायदा दिसत नाही, आणि पुढच्या खेपेला तो थांबायला दुप्पट वेळ घेतो. टॉम डोरन्स आणि रे हंट या अमेरिकन घोडेशिक्षकांनी आयुष्यभर लोकांना हेच सांगितलं. "व्हो" हा शब्द फक्त थांबण्यासाठी. हळू करण्यासाठी, घोड्याला चुचकारण्यासाठी तो वापरायचा नाही.

याशिवाय एका लगामाचं थांबणं: एकच लगाम हळूहळू कमरेकडे आणून मान वळवायची, म्हणजे मागचे पाय बाजूला सरकतात आणि जोर मोडतो. हे चालीवर आणि जॉगवर दोन्ही बाजूंनी घोटून घ्या. भरधाव घोड्याची मान एका हिसक्यात वळवलीत तर घोडा तुमच्यासकट आडवा होऊ शकतो. तिथे वर्तुळ आधी मोठं घ्या, मग लहान करत आणा. हे जमेपर्यंत पुढचा भाग फक्त वाचा, करू नका.

लोप

इथेच लोक अडकतात. मलाही सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि त्यातला बराचसा "आणखी जोरात टाच मार" या सल्ल्यापायी वाया गेला.

लोप ही तीन ठेक्यांची दौड. इंग्लिश पद्धतीत जिला कँटर म्हणतात तीच, पण संथ. डाव्या बाजूची लोप उजव्या मागच्या पायापासून सुरू होते. मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकदम पडतात, आणि शेवटी डावा पुढचा. म्हणजे डावीकडे लोप हवी असेल तर तुम्हाला बोलायचंय ते घोड्याच्या उजव्या मागच्या पायाशी. म्हणूनच तुमचा बाहेरचा, उजवा पाय तंगाच्या थोडा मागे जातो. हे एकदा डोक्यात बसलं की खुणा पाठ कराव्या लागत नाहीत.

मोठ्या वर्तुळावर, चालीतून सुरुवात करा. जॉगमधून नको. घोड्याचं नाक किंचित आत घ्या, आतल्या डोळ्याचा कोपरा दिसेल इतकंच. आतला पाय तंगाशी ठेवा, म्हणजे बरगडी आत पडत नाही. बाहेरचा पाय मागे नेऊन दाबा आणि ओठांनी पुच्च असा आवाज करा. बहुतेक घोड्यांना टाळूवरची चकचक म्हणजे जॉग आणि पुच्च म्हणजे लोप असं शिकवलेलं असतं. आणि त्याच क्षणी हात पुढे सोडा. नवखा माणूस नेमका याच क्षणी हात मागे ओढतो. पायाने "जा" आणि हाताने "थांब", दोन्ही एकदम. घोडा गोंधळतो, मान वर टाकतो, आणि जोरजोरात दुडकायला लागतो.

तशी दुडकी सुरू झाली की तिला टाचा मारून लोपमध्ये ढकलू नका. हा माझा हट्ट आहे. धावत धावत लोपमध्ये पडलेला घोडा पुढच्या पायांवर जड होतो, चुकीच्या बाजूने सुरू करतो, आणि लोपच्या आधी पळायचं असतं असं समजून बसतो. परत चालीवर या, सरळ करा, पुन्हा विचारा. दहादा यावं लागलं तर दहादा या.

दुसरा घोळ डोळ्यांचा. बरोबर बाजूने सुरू झाला का, हे बघायला लोक खांद्यावर वाकतात. तुमचं वजन पुढे आणि आत गेलं की घोड्याचा तोच खांदा अडकतो, आणि जे बघायला वाकलात तेच बिघडतं. नजर वर्तुळावर अर्धं वर्तुळ पुढे ठेवा. बरोबर लोपमध्ये तुमची आतली कंबर आपोआप बाहेरच्यापेक्षा पुढे सरकते. ती जाणवत नसेल तोवर शिक्षकाला ओरडून सांगू द्या.

लोप सुरू झाली की गुडघे आवळले जातात. भीतीने आवळले जाणारच. पण आवळलेला गुडघा तुम्हाला खोगिरातून वर उचलतो, आणि आवळलेली पोटरी घोड्याला "अजून जोरात" सांगते. घोडा वेग वाढवतो, तुम्ही आणखी आवळता. घोडा पळून गेला म्हणून सांगतात त्यातल्या पुष्कळ गोष्टी इथूनच सुरू होतात. घोडा बिचारा सांगितलेलं करत असतो.

यावर उपाय: एक हात हॉर्नवर ठेवा. लाज वाटू देऊ नका, गुरं वेगळी काढणारे कटिंगचे कसलेले स्वारही हॉर्न धरतात. मात्र हॉर्न ओढायचा नाही, ढकलायचा. ओढलात की छाती पुढे झुकते. ढकललात की बूड खोगिरात खोल बसतं. आणि मोठ्याने पाढे म्हणा. मी तेराचा म्हणतो. पाढा म्हणताना श्वास कोंडून धरता येत नाही, आणि श्वास चालू राहिला की कंबर सुटते. घोड्याचा एक कान मागे वळतो, जरा ऐकतो, मग पुन्हा पुढे जातो. शेजारच्या रिंगणातले लोक बघतात, बघू द्या.

पाच-सहा टापांच्या फेऱ्या (रिंगणाच्या नव्हे, तीन-तीन ठेक्यांच्या) झाल्या की तुम्हीच चालीवर आणा. घोड्याने स्वतःहून मोडायच्या आत. लांब लोप करून दमलेला स्वार वाकडा बसायला शिकतो, बाकी काही नाही. फेऱ्या आठवड्यागणिक वाढतील. आणि तबेल्याकडे तोंड करून पहिले काही महिने लोप नकोच; घराचा वास लागलेला घोडा तुमचे पाढे ऐकत नाही.

एक हात

दोन हातांनी लोप नीट जमली की मगच लगाम एका हातात. बाहेरचा लगाम मानेला टेकतो, घोडा त्यापासून दूर वळतो. हात आयाळीच्या पलीकडे फार गेला की कडी ओढली जाते आणि नाक उलट्या बाजूला जातं. वळत नसेल तर पाय वापरा.

गुरं

गुरांमध्ये जाताना घोड्यापेक्षा गुरांकडे लक्ष द्या. गाईच्या खांद्याशी एक रेषा धरा. त्या रेषेच्या मागे गेलात की ती पुढे चालते, पुढे आलात की थांबते किंवा वळते. किती जवळ गेल्यावर ती हलते ते अंतर दर गाईचं वेगळं. त्या कडेवर राहायचं, ती हलली की अर्धं पाऊल मागे यायचं. ओरडणं आणि दोर फिरवणं पडद्यावरच्या काउबॉयना शोभतं. खऱ्या रँचवर मालक तुम्हाला दुपारी घरी पाठवेल.

स्पर्धा

अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशनच्या स्पर्धांत रँच रायडिंग हा वर्ग असतो. सुरुवात ७० गुणांपासून, आणि प्रत्येक हालचालीला उणे दीडपासून अधिक दीडपर्यंत. चाल, जॉग, लोप, लांब ढांगांची दुडकी आणि लोप, थांबणं, मागे येणं. घोडा कामावर निघाल्यासारखा पुढे चालला पाहिजे. लगाम पोटापर्यंत लोंबायला नको, हलका असला की पुरे. चांदीने मढवलेल्या खोगिराला जास्त गुण नाहीत आणि खुरांना पॉलिश चालत नाही. ज्यांनी आधी चांदी विकत घेतली त्यांना हे उशिरा कळतं.

दोर

सगळ्यात शेवटी. आधी जमिनीवर उभं राहून, लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या डमीवर. मग उभ्या घोड्यावरून, मग चालत्या. जिवंत जनावराला दोर लावून हॉर्नभोवती गुंडाळताना अंगठा वर, आणि बोटं हॉर्नपासून लांब. दोर ताणला गेला की अंगठा दोर आणि हॉर्नच्या मध्ये सापडतो आणि तुटतो. टीम रोपिंग, म्हणजे दोघांनी मिळून दोराने जनावर पकडायचा खेळ, करणाऱ्यांत अर्धा अंगठा गेलेली माणसं तुम्हाला भेटतील. उरलेला दोर मनगटाला किंवा कमरेला गुंडाळायचा नाही. हातमोजा घाला, आणि पहिल्या दिवशी वासरू लहान मागा.