आधी स्क्रीन सांग, मग प्रोसेसर

दिवाळीत ऐरोलीहून भाचा आला तो मोबाइलवर कोटेशन घेऊनच. अडीच लाखांचा कॉम्प्युटर, त्यात १६ कोरचा प्रोसेसर, म्हणजे एकाच वेळी काम करणारे १६ भाग. "मामा, कोर जास्त म्हणजे गेम जास्त पळणार ना?"

नाही रे बाबा. मी वागळे इस्टेटमध्ये कंट्रोल पॅनेल वायरिंग करतो आणि घरी हौसेनं कॉम्प्युटर जोडतो. कोणी प्रोसेसरचं विचारलं की माझा उलटा प्रश्न ठरलेला: स्क्रीन कुठली, आणि खेळतोस काय?

१०८०पीवर, म्हणजे साध्या फुल एचडी स्क्रीनवर, काउंटर-स्ट्राइक खेळायचं आणि सेकंदाला ३०० फ्रेम (चित्रं) हव्यात, तर प्रोसेसरचा कस लागतो. ४केवर, म्हणजे त्याच्या चौपट बारीक चित्रावर, सगळी सेटिंग्ज वर ठेवून खेळणार असाल, तर घाम फुटतो तो ग्राफिक्स कार्डाला. तिथे मधला आणि महागडा प्रोसेसर बरेचदा सारखेच. एक गोम आहे. ४केवर डीएलएसएस (लहान चित्र बनवून ते मोठं करणारी एनव्हिडिया कार्डाची सोय) 'परफॉर्मन्स'वर टाकलं की आतून चित्र १०८०पीचंच बनतं, आणि भार पुन्हा प्रोसेसरकडे सरकतो.

जुना कॉम्प्युटर असेल तर त्यावरच तपासा. गेम चालू असताना रिझोल्यूशन (चित्राचा बारीकपणा) एकदम खाली आणा. फ्रेम वाढल्या तर कार्ड कमी पडत होतं. हलल्याच नाहीत तर बहुतेक प्रोसेसरच अडलाय. भाच्याच्या जुन्या पीसीवर फ्रेम जागच्या हलल्या नाहीत. म्हणजे मुलाची मागणी रास्त होती, फक्त कोर चुकीचे मोजत होता.

गेमला लागते ती कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी. पाना खिशात असणं आणि दरवेळी स्टोअरमधून आणणं यात जो फरक, तोच कॅश आणि रॅममध्ये. एएमडीच्या रायझन ७ ९७००एक्समध्ये एल३ (सगळ्यात मोठ्या पातळीची) कॅश ३२ एमबी. ९८००एक्स३डीमध्ये कोर तेवढेच, आठ, पण कॅश ९६ एमबी; नावातलं 'एक्स३डी' म्हणजे ही जादा कॅश. मी फ्लाइट सिम्युलेटर खेळतो, त्याला ही कॅश फार मानवते. १६ कोरच्या ९९५०एक्स३डीत जादा कॅश आठच कोरांना मिळते. व्हिडिओ एडिटिंग करत असाल तरच त्याचे पैसे वसूल.

इंटेलचा कोअर अल्ट्रा ७ २६५के २० कोरचा, कामाला दणकट. निव्वळ गेमिंगला मात्र मी एक्स३डीच घेईन. कोणी १३व्या-१४व्या पिढीचा आय९ सेकंडहँड देत असेल तर जपून. जादा व्होल्टेजनं ते खराब होत होते. २०२४ मध्ये मायक्रोकोड (चिपच्या आतल्या सूचनांचा अपडेट) आला, पण आधीच बिघडलेली चिप त्यानं सुधारत नाही.

९८००एक्स३डीच्या खोक्यात प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर येत नाही. ठाण्याचा मे महिना आठवा आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढा. दोन टॉवरचा एअर कूलर पुरतो, पाण्याचा हट्ट नको.

खरेदीला आम्ही दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो, तिथून चालत लॅमिंग्टन रोड. तिथे 'ट्रे' चिप स्वस्त सांगतात: खोकं नाही, कंपनीची वॉरंटी नाही. पूर्वी मी दीड हजार वाचवायला एक घेतली होती. सात महिन्यांत गेली, आणि दुकानदारानं मला ओळखलंच नाही. बॉक्स पॅक, जीएसटी बिल, भारतातली वॉरंटी, तिन्ही हवं. एएम५ (या रायझनचं सॉकेट) मध्ये पिना मदरबोर्डावर असतात. काउंटरवरच मोबाइलचा टॉर्च मारून एकही वाकलेली नाही ना, हे बघा. जुन्या स्टॉकचा बी६५० मदरबोर्ड असेल तर रायझन ९००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलंय का, हेही तिथेच विचारा.

रात्री साडेअकराला भाच्याचा फोन. "मामा, पंखे फिरतायत, पण स्क्रीन काळी!" म्हटलं, बटणाला हात लावू नकोस. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा जुळवून घेताना काही मिनिटं लागतात. पाचव्या मिनिटाला चित्र आलं, आणि पुढची तक्रार: ६००० स्पीडची रॅम ४८०० स्पीड दाखवतेय.

"बायोसमध्ये जा, एक्स्पो (रॅम पूर्ण स्पीडला नेणारी सेटिंग) चालू कर, आणि झोप आता."