आफ्टरबर्नर शिकायला बसताय? आधी नोझल समजून घ्या

सांगलीत मेकॅनिकल करून गॅस टर्बाइनकडे वळणारी मुलं मला विचारतात, तेव्हा गाडी हमखास आफ्टरबर्नरवर, म्हणजे जेट इंजिनात टर्बाइनच्या मागे पुन्हा इंधन जाळणाऱ्या भागावर, अडलेली असते. विश्रामबागेतल्या खोलीत मीही याच धड्यावर सगळ्यात जास्त रखडलो, तो ताण अजून आठवतो. ब्रेटन सायकल (हवा दाबणं, तापवणं, प्रसरण पावू देणं हे गॅस टर्बाइनचं चक्र) तुम्हाला येते असं धरून लिहितोय.

टर्बाइनची पाती टिकावीत म्हणून मुख्य दहनकक्षात हवेच्या मानाने इंधन कमीच जाळतात. त्यामुळे टर्बाइनमागच्या वायूत भरपूर ऑक्सिजन उरतो. तिथून पुढे फिरणारं काही नसतं, म्हणून पुन्हा इंधन फवारून तापमान २००० केल्विनच्या आसपास नेता येतं. तेजस विमानाच्या एफ-४०४ इंजिनाचा थ्रस्ट, म्हणजे पुढे ढकलणारा जोर, यामुळे साधारण ५४ किलोन्यूटनवरून ८४ वर जातो. इंधन मात्र तिपटीहून जास्त लागतं, कारण ही उष्णता कमी दाबावर दिली जाते.

इथवर सगळ्यांना जमतं. आता नीट ऐका. ‘इंधन जाळलं, दाब वाढला, थ्रस्ट वाढला’ हे डोक्यातून काढून टाका. आफ्टरबर्नरमध्ये एकूण दाब वाढत नाही, उलट थोडा घटतो. वाढतो तो बाहेर पडणाऱ्या वायूचा वेग, तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १००० केल्विनचा वायू २००० वर नेला की वेग सुमारे १.४१ पट होतो. पण वायूची घनता निम्मी झालेली असते, आणि नोझलचा (वायू मागे बाहेर पडतो त्या तोंडाचा) घसा, म्हणजे सगळ्यात अरुंद जागा, आधीच चोक झालेला, म्हणजे तिथे वायू ध्वनीच्या वेगाला पोचलेला. घसा तेवढाच ठेवला तर तेवढं वस्तुमान बाहेर पडूच शकत नाही. टर्बाइनमागे दाब तुंबतो आणि फॅन सर्जमध्ये जाऊ शकतो, म्हणजे त्यातला हवेचा प्रवाह बिघडून उलटा फिरू शकतो. म्हणून घशाचं क्षेत्रफळही १.४१ पट करावं लागतं. ०.५ × १.४१ × १.४१ करून बघा, उत्तर जवळपास १ येतं. म्हणजे वस्तुमान तेवढंच राहिलं. ‘वायू जास्त जातो म्हणून नोझल उघडतं’ असं लिहिलंत तर मार्क गेलेच समजा. इंधनाची भर किरकोळ असते.

सूत्रांच्या झेरॉक्सवर माझा विश्वास नाही. त्यात १.४१ असतं, ते कुठून आलं ते नसतं. कोरा कागद पुढे ठेवून टी-एस (तापमान-एंट्रॉपी) आलेख काढायला लावणारे सर भेटले तर त्यांना सोडू नका. नाही भेटले तरी घाबरू नका, दोघं मित्र एकमेकांना आलेख समजावत बसलात तरी हे जमतं. एरोस्पेसची पदवी नसल्याने इथे काहीही अडत नाही, थर्मो (थर्मोडायनॅमिक्स) पक्कं हवं.

यानंतर हे गणित घ्या. एकूण थ्रस्ट १०० आणि उडताना आत येणाऱ्या हवेचा रॅम ड्रॅग (तिच्यामुळे मागे ओढणारा रोध) ४०, म्हणजे निव्वळ ६०. आफ्टरबर्नर लावला की एकूण १४१, ड्रॅग तोच, निव्वळ १०१. जागेवर ४१ टक्के वाटणारी वाढ उडताना ६८ टक्के झाली. विमानाचा वेग वाढवत नेलात तर हा आकडा आणखी चढतो. ड्रॅग ५० धरून पुढचं तुम्हीच काढा.