इगर्जीतून बाहेर काढलंय असं वाटत असेल तर काय करावं

गोव्यातल्या डिचोलीत मी मुलांना दोतोर्न, म्हणजे कॅथलिक धर्मशिक्षण, शिकवते. वर्ग सुटला की एखादी आई बाजूला घेऊन हळूच विचारते, "टीचर, माझ्या भावाला इगर्जीनं (चर्चनं) काढून टाकलंय ना?" बहुतेकदा भावानं घटस्फोट घेऊन दुसरं लग्न रजिस्टर केलेलं असतं. तो बहिष्कृत नाही, म्हणजे इगर्जीची बहिष्काराची शिक्षा त्याला लागलेली नाही. कुमगार (मिसेतली पवित्र भाकर) घेण्याचा प्रश्न आहे, तो विगारांशी, म्हणजे आपल्या इगर्जीच्या मुख्य पाद्रींशी, बोलायचा. पण रविवारी मिसेला (इगर्जीतल्या उपासनेला) त्यानं यावं आणि घरच्यांसोबत बसावं, दाराबाहेर उभं राहू नये.

तेव्हा आधी बहिष्कार खरंच लागलाय का ते बघा. श्रद्धा जाणूनबुजून टाकणं, गर्भपात करवणं अशा मोजक्या कृत्यांनी तो आपोआप लागतो. वय 18 पेक्षा कमी असेल, किंवा अशी शिक्षा असते हे आपला काही दोष नसताना ठाऊकच नसेल, तर आपोआप लागत नाही. आर्चबिशपांनी स्वतः तो कुणावर लावायचा झाला तर आधी निदान एकदा ताकीद द्यावी लागते. इथपर्यंत आल्यावर बऱ्याच जणांची भीती गळून पडते.

लागलाच असेल तर कुमगार आणि बाकीचे संस्कार बंद, इगर्जीतली पदंही बंद. मीस बंद नाही. रविवारचं बंधन उलट कायम राहतं. कारण बाप्तिस्मा पुसता येत नाही. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत तुमचं नाव, आईवडील, पादरीन-मादरीन (धर्मपिता-धर्ममाता), बाजूच्या रकान्यात लग्नाची नोंद असते. कुणी लेखी देऊन इगर्ज सोडली तरी फार तर त्या रकान्यात शेरा येतो, ओळ खोडली जात नाही. इगर्जीच्या कायद्यातल्या 2009 च्या दुरुस्तीनंतर अशा माणसाचं लग्नही इगर्जीच्या नियमांनीच वैध ठरतं. परत येताना पुन्हा बाप्तिस्मा नाही.

परतायचं तर आठवड्यात गर्दी नसेल अशा वेळी विगारांना भेटा आणि घडलं ते सरळ सांगा. गर्भपाताचं पाप 2016 पासून कुठलाही पाद्री कुमसारात (पापांची कबुली देताना) माफ करू शकतो. इतर बाबतींत पाद्री वरून अधिकार मागतो. बाब कुमसारातली असेल तर तुमचं नाव न सांगता. पाद्रीनं कुमसाराचं गुपित फोडणं, कुमगाराची विटंबना, यांची सुटका मात्र रोमच्या हातात.

माणूस मरणाच्या दारात असेल तर हे सगळे अडसर बाजूला होतात: कुठलाही पाद्री, पाद्रीपण सोडलेलासुद्धा, त्याला मुक्त करू शकतो. म्हणून इस्पितळात आपल्याच विगारांची वाट बघत बसू नका, जवळ असेल त्या पाद्रीला लगेच बोलवा.