सेन्सर ते पीएलसी: सिग्नल कंडिशनिंगमध्ये नव्याने येणाऱ्यांसाठी काही अनुभव

कारखान्यातील सेन्सरचा क्षीण सिग्नल पीएलसीला (यंत्रे चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाला) नीट वाचता येईल असा करणे म्हणजे सिग्नल कंडिशनिंग. हे काम करू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याआधी सेन्सरकडून नेमके किती व्होल्टेज मिळणार आहे, याचे गणित कागदावर मांडावे. लोडसेलची (वजन मोजणाऱ्या सेन्सरची) संवेदनशीलता २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट असेल आणि एक्सायटेशन (सेन्सरला दिलेला वीजपुरवठा) १० व्होल्टचे असेल, तर पूर्ण भाराला केवळ २० मिलिव्होल्ट मिळतात. अशा १००० किलोच्या लोडसेलवर १०० ग्रॅमचा फरक म्हणजे अवघे २ मायक्रोव्होल्ट. हा आकडा समोर असला की केबल, टर्मिनल आणि अर्थिंग यांकडे कोणी दुय्यम बाब म्हणून पाहत नाही.

पीटी-१०० या तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा रोध शून्य अंशाला १०० ओहम असतो आणि अंशाला सुमारे ०.३८५ ओहम बदलतो, त्यामुळे दोन तारांच्या जोडणीत तारांचा एकूण रोध १ ओहम असला, तरी तापमान सुमारे २.६ अंशांनी जास्त दिसते. तिसरी तार ही चूक भरून काढते खरी, पण तिन्ही तारांचा रोध सारखाच आहे हे गृहीत धरून. एखादे टर्मिनल सैल किंवा गंजलेले असेल तर चूक परत येते. अशा वेळी ट्रान्समीटर (सेन्सरचे माप प्रमाणित सिग्नलमध्ये बदलून पुढे पाठवणारे उपकरण) बदलण्याची घाई करू नये. सेन्सर सोडवून त्याच्याच जागी १०० ओहमचा अचूक रेझिस्टर लावावा, आणि पडद्यावर शून्य अंश येते का ते पाहावे. शून्य आले तर संशय सेन्सरवर, नाही तर तारा, टर्मिनल आणि ट्रान्समीटर क्रमाने तपासायचे. या साध्या चाचणीवर माझा फार विश्वास आहे.

मोटरचा ड्राइव्ह (तिचा वेग नियंत्रित करणारे उपकरण) सुरू होताच रीडिंग नाचू लागले, तर बहुतेक जण सिग्नलमधील चढउतार सपाट करणाऱ्या फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट (तो बदलाला किती वेळाने प्रतिसाद देतो ते मूल्य) वाढवतात. रीडिंग स्थिर होते, पण ते मागे पडते: सेकंदाला २ किलो भरणाऱ्या यंत्रात अर्ध्या सेकंदाचा फिल्टर वजन जवळपास १ किलोने कमी दाखवतो आणि व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो. म्हणून आधी सिग्नलची केबल मोटरच्या केबलपासून दूर न्यावी, शील्डचे (केबलवरील धातूच्या आवरणाचे) अर्थिंग दोन्ही टोकांना होऊन ग्राउंड लूप (अर्थिंगमधून नको असलेला प्रवाह फिरण्याचा मार्ग) तयार झाला आहे का ते पाहावे, गरज असल्यास आयसोलेटर (दोन बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवून सिग्नल पुढे नेणारे उपकरण) बसवावा, आणि फिल्टरला हात त्यानंतरच लावावा.

अभ्यासात व्हीटस्टन ब्रिज (रोधातील सूक्ष्म बदल व्होल्टेजमध्ये आणणारी चार रोधांची जोडणी), इन्स्ट्रुमेंटेशन अ‍ॅम्प्लिफायर (दोन तारांमधील व्होल्टेजचा सूक्ष्म फरक वाढवणारा) आणि ४ ते २० मिलिअँपिअर लूप (माप विद्युतप्रवाहाच्या रूपात पाठवणारी जोडणी) पक्के करावेत. या लूपमध्ये शून्य मापालाही ४ मिलिअँपिअर वाहतात, त्यामुळे तुटलेली तार लगेच लक्षात येते.