भाड्याचे रोबो यायच्या आधी गोडाऊनात काय काय करून ठेवायचं

बेळगावजवळच्या मच्छेतून फोन येतात, होनग्यातून येतात, परवा तर निपाणीच्या एका तंबाखूवाल्यांचा आला. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, "अक्का, महिन्याला भाडं किती पडतंय?" माझंही उत्तर ठरलेलं आहे. किती ते नंतर बघू, कुठल्या तारखेपासून ते आधी विचारा. आमचं भाडं रोबो ट्रकमधून उतरले त्याच दिवशी सुरू झालं आणि त्यांनी पहिली ट्रॉली नीट उचलली ती सात आठवड्यांनी. तोवर चार यंत्रं कोपऱ्यात चार्जरला लावून उभी आणि आम्ही त्यांच्यासमोर फरशी फोडतोय. जावई येऊन बसलेत आणि घरात रंगकाम चालू, तशातली गत. तुमची तशी होऊ नये म्हणून हे लिहिते.

मी बेळगावच्या उद्यमबागेतलं, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीतलं, एक गोडाऊन सांभाळते. पंपाचे सुटे भाग, हायड्रॉलिक फिटिंग, कास्टिंग, असला जड माल. जागा चौदा हजार स्क्वेअर फूट. आमचे रोबो चपटे, दीड वीत उंचीचे. ट्रॉलीखाली शिरतात, तिला उचलतात आणि पॅकिंगच्या टेबलापाशी नेऊन ठेवतात. लेझरनं भिंती, खांब, रॅक बघून नकाशा बनवतात, म्हणून जमिनीवर पट्टी चिकटवावी लागत नाही. दुसऱ्या जातीचे असतात ते जमिनीवरचे क्यूआर स्टिकर वाचत जातात. त्यांचे नखरे फरशीच्या बाबतीत आणखी जास्त.

फरशीतच आमचे निम्मे दिवस गेले. आपल्याकडची जुनी गोडाऊनं बघा, पुढं शहाबादी आणि मागं मालकानं नंतर वाढवलेलं काँक्रीट. शहाबादीचे सांधे डोळ्याला दिसत नाहीत, हातगाडीला कळतात. हमाल तिथं आला की नकळत दांडा जरा वर घेतो, गाडी पार होते, आणि वीस वर्षं आपल्याला वाटतं की फरशी चांगली आहे. रोबो दांडा वर घेत नाही. चाक अडकतं, तो दोनदा प्रयत्न करतो आणि लाल दिवा लावून बसतो.

तपासायला महागडं यंत्र नको. जुन्या बेअरिंगमधली मोठी गोळी घ्या, उद्यमबागेत ती मागायला लांब जायला नको. ठरलेल्या रस्त्यावर दर दोन पावलांवर अलगद ठेवा. पळाली तर उतार आहे. कुठं आणि किती जोरात पळाली ते खडूनं तिथंच लिहा. मग गवंडी प्लास्टर ओढायला वापरतात ती तीन मीटरची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी आडवी टाका. पट्टीखाली पाच रुपयाची तीन पातळ पिवळी नाणी एकावर एक सरकत असतील, तर पाच-सहा मिलिमीटरचा खड्डा आहे, तिथं गोल करा. यंत्राला किती खड्डा, किती फट, किती उतार चालतो ते पुरवठादाराकडून लेखी घ्या. प्रत्येक मॉडेलचा आकडा वेगळा असतो आणि "चालतंय की" हा आकडा नव्हे.

तिसरी परीक्षा पाण्याची. एक गल्ली रिकामी करून आम्ही तीन बादल्या पाणी ओतलं आणि चहा प्यायला गेलो. परत येऊन बघतो तर खांबाजवळ ताटाएवढं तळं. कुणाला काही सुचेना. शेवटी आमचे सगळ्यात जुने हमाल मामा म्हणाले, "तिथं पूर्वी वजनकाट्याचा खड्डा होता की वो, मीच भरलाय." वर काँक्रीटचा थर, आत नुसता मुरूम. जड ट्रॉली रोज शंभरदा तिथून गेली असती, तर महिन्यात यंत्र खड्ड्यात बसलं असतं.

सगळी जमीन बदलायला जाऊ नका. आम्ही अडीच मीटर रुंदीचा एकच रस्ता ठरवला, रॅकपासून पॅकिंगपर्यंत आणि परत. तेवढीच शहाबादी काढून काँक्रीट टाकलं. काँक्रीटला पुरती ताकद यायला २८ दिवस धरतात, ते हिशेबात घ्या. आणि जूनच्या आधी उरका, नाहीतर दसऱ्यानंतर. बेळगावच्या जुलैत जमीन खालून घाम सोडते. ओलीवर मारलेला इपॉक्सी, म्हणजे फरशीवरचा रंगासारखा कडक थर, पापडासारखा सुटतो. आमच्या शेजारच्या शेडमध्ये सुटलेला मी स्वतः बघितलाय.

रस्त्याची रुंदी ठरवताना ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना किमान अर्धा मीटर मोकळा ठेवा, माणूस मध्ये सापडला तरी चेपू नये म्हणून. चालकाविना चालणाऱ्या गाड्यांच्या आयएसओ ३६९१-४ या मानकातही हेच माप आहे. ट्रॉलीच्या कडेपासून मोजा, रोबोच्या नव्हे. ट्रॉली रुंद असते. वजनाचंही तसंच. ६०० किलोचा रोबो म्हणजे माल अधिक ट्रॉली मिळून ६००. आमची लोखंडी ट्रॉलीच ९० किलोची निघाली.

नंतर गुडघ्यावर बसा आणि रोबोच्या नजरेनं गोडाऊन बघा. त्याचा सुरक्षेचा लेझर घोट्याच्या उंचीवर एका सपाट रेषेत फिरतो. त्या रेषेतलं सगळं त्याला दिसतं, वरचं दिसेलच असं नाही. कंबरेच्या उंचीवर रॅकबाहेर आलेला पाइप आमच्या पहिल्या ट्रॉलीनं तसाच ओढत नेला. तेव्हापासून रॅकच्या कडेला पिवळी रेघ आहे. रेघेबाहेर काही लोंबलं की ज्यानं ते ठेवलं, संध्याकाळचा चहा त्याच्याकडून. उलट जे नको तेही रोबोला दिसतं. पॅकिंगच्या प्लास्टिकचं शेपूट वाऱ्यानं हललं की तो माणूस समजून थांबतो. दारातला प्लास्टिक पट्ट्यांचा पडदा म्हणजे त्याच्या लेखी भिंतच. छतात पारदर्शक पत्रा असेल, तर रोबोच्या लेझरवर पडणारा उन्हाचा कवडसा दिवसभरात कुठून कुठं सरकतो ते एकदा बघून ठेवा.

झाडलोट आमच्याकडे आठवड्यातून दोनदा व्हायची, आता प्रत्येक पाळीत होते. फाउंड्रीची वाळू आणि लोखंडाचा चुरा बुटाला चिकटून आत येतो आणि रोबोच्या मऊ चाकात रुततो.

वायफायचं काम सोपं वाटतं, तिथंच फसायला होतं. पुरवठादाराच्या माणसानं रॅक रिकामे असताना सिग्नल मोजला आणि "फर्स्ट क्लास" म्हणून गेला. रॅकमध्ये चार टन कास्टिंग चढल्यावर तीच गल्ली मुकी झाली. लोखंड सिग्नल खातं. म्हणून माल भरलेला असताना मोजा, आणि खालून मोजा. आम्ही मोबाईल हँडपॅलेटवर, म्हणजे माल ओढायच्या बुटक्या हातगाडीवर, ठेवून त्यात सिग्नल मोजायचं फुकटचं अ‍ॅप चालू केलं आणि सगळा रस्ता फिरवला. डीबीएम हे सिग्नलचं माप. उणे ६७ डीबीएमपेक्षा कमजोर, म्हणजे उणे ७०, उणे ७५ असं जिथं आलं तिथं खूण केली. दोन अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वायफाय पसरवणारे डबे, जास्त लागले.

विजेचं गणित लोक उलटं करतात. रोबोला बॅटरी आहे, वीज गेली तरी त्याचं काही अडत नाही. अडतं ते वायफायचं आणि सर्व्हरचं. जनरेटर चालू होईपर्यंतच्या पंधरा-वीस सेकंदांत दोन्ही बंद पडतात आणि चारही रोबो जिथल्या तिथं थिजतात. सगळं परत जाग्यावर यायला अर्धा तास. तेव्हा यूपीएस आधी राउटर, स्विच आणि सर्व्हरला द्या. चार्जरचा भार मात्र मंजूर लोडमध्ये बसतो का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घ्या. आमचे चार चार्जर दीड किलोवॅटचे, म्हणजे सहा किलोवॅट, आणि वर जुनं कॉम्प्रेसर होतंच. चार्जिंगची जागा पुठ्ठ्यांच्या थप्प्यांपासून लांब ठेवा.

आता खरं जिवावरचं काम, माल कुठं आहे ते लिहून काढायचं. कॉम्प्युटरमध्ये आमचा स्टॉक बरोबर होता, जागा मात्र मामांच्या डोक्यात. दोन इंची एल्बो कुठं? "त्या पत्र्याच्या मागं, लाल खोक्याच्या खाली." रोबोला लाल खोकं सांगता येत नाही. पंधरा दिवस मी वही घेऊन मामांच्या मागं फिरले. प्रत्येक कप्प्याला आकडा दिला, गल्ली-रॅक-मजला असा, ०४-१२-२. नुसते आकडे, अक्षर एकही नाही, कारण आमची निम्मी माणसं खानापूरकडची, निम्मी बैलहोंगलकडची. मराठी वाचणारे वेगळे, कन्नड वाचणारे वेगळे. आकड्यावर भांडण नाही. फिरता फिरता कळलं की रोज लागणारा माल सगळ्यात मागं आहे आणि दाराजवळ आठ वर्षं न हललेले गास्केट. ती अदलाबदल रोबो यायच्या आधीच करा. नुसत्या तेवढ्यानंच आमची पायपीट पुष्कळ वाचली, आणि खरं सांगायचं तर छोटं गोडाऊन असेल तर इथवर येऊन थांबलात तरी चालेल.

माणसांशी बोलणं पुढं ढकलू नका. आमची हमाली नगावर होती. वाहतूक रोबोनं केली तर नग कुणाचा? मामांनी सरळ विचारलं, "हे आलं म्हणजे आमचं काय?" मालकांना बसवून नगाऐवजी महिन्याचा पगार ठरवला आणि लिहून दिला. कुणाला काढलं नाही. पण दोघं वयानं निवृत्त झाले त्यांच्या जागा भरल्या नाहीत, हेही खरं, आणि ते मी आधी सांगायला हवं होतं. रोबो वाटेत आडवं कुणी आलं की इंग्रजीत काहीतरी बोलायचा, कुणी ढुंकून बघायचं नाही. आवाज बदलता येतो हे आम्हाला दोन महिन्यांनी कळलं. आता "बाजूला व्हा" आणि लगेच कन्नडात "दारी बिड्री" असं दोन्ही म्हणतो. आवाज आमच्या पॅकिंगमधल्या पोरीचा आहे, तिला अजून सगळे चिडवतात.

एवढं झालं की मगच करारावर सही. त्यात भाडं चाचणी पास झाल्याच्या तारखेपासून असावं, आणि चाचणी म्हणजे काय तेही लिहा: आमच्या फरशीवर, आमच्या भरल्या ट्रॉलीसह, सलग इतके दिवस, इतक्या फेऱ्या. यंत्र बंद पडलं तर किती तासांत माणूस येणार? पुणं इथून ३४० किलोमीटर, बेंगळुरू पाचशेच्या आसपास. "इंजिनियर निघालाय" म्हणजे तो आज येत नाही. म्हणून चाकं, चार्जरची केबल असले रोजचे सुटे भाग इथंच ठेवायला लावा, आणि बंद दिवसांचं भाडं कापायचं कलम घाला. मुदतीआधी परत दिलं तर काय, विमा कुणाचा, नेण्या-आणण्याचा खर्च कुणाचा, सॉफ्टवेअरचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे, आणि जीएसटी धरून आकडा किती, हे विचारायला लाजू नका. पहिल्यांदा मी लाजले होते.

आणि खंडेनवमी. यंत्रांची पूजा आपल्याकडे होणारच, व्हायलाच पाहिजे. पहिल्या वर्षी मामांनी चारही रोबोंना हळद-कुंकू लावलं, झेंडूचे हार घातले, नारळ फोडला. दसरा झाला, तिसऱ्या दिवशी एकही जागचा हलेना. मी फोनवर फोन केले, पलीकडून ते वायर तपासायला सांगताहेत. शेवटी पोरीनं बघितलं, कुंकू नेमकं लेझरच्या काचेवर. आता हार ट्रॉलीला घालतो, कुंकू मागच्या झाकणाला लावतो, आणि काच पुसायचं मऊ फडकं पूजेच्या ताटातच ठेवलेलं असतं.