अभ्यास कागदावरून कारखान्यात कसा न्यायचा

सोलापुरात बसून धोरणावर लिहायचं असेल तर आधी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत जा, लूमच्या (कापड विणायच्या यंत्रमागाच्या) खडखडाटात काय ऐकू येत नाही, म्हणून सुट्टी झाली की चहाच्या गाड्यावर कामगाराला गाठा आणि मजुरी, वीजबिल, सूत कुणी उधार दिलं हे सगळं वहीत उतरवा. इथले बरेच विणकर तेलुगू बोलतात, म्हणून तेलुगू येणारा मित्र सोबत असला तर बरं पडतंय. नंतर आकडे त्या कामगारालाच वाचून दाखवा, चुका तोच काढतो बघा.

मग हा अभ्यास कामाला लावायला एखादी संस्था धरा. धनंजयराव गाडगीळ अर्थतज्ज्ञ, पण सहकाराचे नेते विठ्ठलराव विखे पाटलांसोबत नगर जिल्ह्यात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभारला, 1950 ला गाळप सुरू, अध्यक्षपदही सांभाळलं. नुसता लेख छापून थांबले असते तर?

आणि हो, भाषणात जीडीपी नको, चादरीचा भाव सांगा.