थ्रीडी प्रिंटरवर गोळी: औषध किती वेगाने सुटणार, ते स्लायसरमध्ये ठरतं

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण पहिल्या आठवड्यात एकच प्रश्न विचारतो: "मॅडम, रिलीज हळू करायचाय, कुठला पॉलिमर घालू?" मी म्हणते, आधी पॉलिमरला हात लावू नकोस. फिलामेंट, म्हणजे औषध आणि पॉलिमर (प्लास्टिकसारखा पदार्थ) मिसळून काढलेली प्रिंटरची तार, आहे तोच ठेव आणि स्लायसरमध्ये, म्हणजे आकाराचे थर पाडून प्रिंटरला सूचना देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, गोळीची रचना बदल. तेवढ्यानं काय काय होतं ते बघ, मग रेसिपीकडे जाऊ. प्रिंटर घेतलाय तो त्यासाठीच. नुसती गोल चपटी गोळी काढायची असेल तर टॅब्लेट प्रेस तेच काम कितीतरी पट वेगानं करते.

एक गोष्ट आधीच सांगते. हे सगळं प्रयोगशाळेतलं काम आहे. घरच्या प्रिंटरवर काढलेली गोळी कुणी तोंडात घालायची नाही. बाजारातला पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, पाण्यात विरघळणारा पॉलिमर) फिलामेंट औषधी दर्जाचा नसतो आणि वितळलेली तार जिच्यातून बाहेर पडते त्या साध्या पितळी तोटीत, म्हणजे नोझलमध्ये, शिसं असू शकतं. आम्ही स्टेनलेस स्टीलचं नोझल लावतो.

फिलामेंटपासून सुरुवात करू. शिकायला पॅरासिटामॉल आणि पीव्हीए ही जोडी चांगली. पीव्हीए पाण्यात फुगतो, वरून जेलीसारखा होतो आणि हळूहळू झिजतो. औषधाचं प्रमाण २० टक्के ठेवा. हॉट मेल्ट एक्स्ट्रूडरमधून (मिश्रण वितळवून दाबून बाहेर काढणाऱ्या यंत्रातून) १.७५ मिमी जाडीची तार काढायची. जाडी दर थोड्या अंतरावर व्हर्निअरनं मोजा, कारण तार जाड-बारीक झाली की गोळीचं वजन हललंच. तार बोटांनी वाकवून बघा: कटकन मोडली तर प्रिंटरच्या दातेरी चाकात तिचा चुरा होणार, फार लिबलिबीत असेल तर नोझलपर्यंत पोचायच्या आधीच दुमडणार. नोझल साधारण १८० अंशांवर चालवतो. दुसरं औषध घेणार असाल तर ते या तापमानाला टिकतं का, हे आधी टीजीए आणि डीएससीवर (तापवताना पदार्थाचं वजन आणि उष्णता कशी बदलते ते मोजणाऱ्या यंत्रांवर) तपासा. न टिकणाऱ्या औषधासाठी ही पद्धतच सोडा. २०१५ साली अमेरिकेच्या एफडीएनं मंजूर केलेली पहिली थ्रीडी प्रिंटेड गोळी, अपस्मारावरची स्प्रिटाम, अशी वितळवून बनतच नाही. तिथं पावडरीचे थर द्रवाच्या थेंबांनी जोडतात, म्हणून ती घोटभर पाण्यात काही सेकंदांत विरघळते.

आणि हो, पीव्हीए हवेतली ओल ओढतो. नोझलमधून फुटाण्यासारखा तडतड आवाज आला की समजा तार दमट झाली. सिलिका जेल घालून बंद डब्यात ठेवा.

आता खरी मजा. १० मिमी व्यासाची, ४ मिमी उंचीची साधी गोळी घ्या. तिचं घनफळ सुमारे ३१४ घन मिमी, पृष्ठभाग सुमारे २८३ चौरस मिमी. आता तेवढ्याच घनफळाची चकती काढा, मधे भोक असलेली: बाहेरचा व्यास १२, भोक ४, उंची सव्वातीनला जरा कमी. पृष्ठभाग झाला ३५८. औषध तेवढंच, पण पाण्याला भिडणारी जागा पाव पटीहून जास्त वाढली. शिवाय चकती बाहेरून झिजताना तिचा घेर कमी होतो आणि आतून झिजताना भोकाचा घेर वाढतो. दोन्ही बाजू सारख्या वेगानं झिजल्या तर बेरीज तीच राहते. साध्या गोळीचा रिलीज पुढेपुढे मंदावतो, चकतीचा बराच वेळ एकसारखा चालतो. कागदावर एकदा स्वतः आकडेमोड करा, मग कुठला आकार का निवडायचा हे कुणाला विचारावं लागत नाही. भोक मात्र फार बारीक ठेवू नका. ०.६ मिमीच्या खाली गेलात तर हवेचा बुडबुडा अडकतो किंवा फुगलेला पीव्हीए तोंड बंद करतो आणि भोक असून नसल्यासारखं होतं.

दुसरा कान पिळायचा तो इन्फिलचा, म्हणजे आतून गोळी किती भरीव ठेवायची याचा. इथं मी स्वतः तोंडघशी पडले आहे. पहिल्यांदा १० टक्के इन्फिलची गोळी काढली, वाटलं झपाट्यानं सुटेल. डिसोल्यूशनच्या भांड्यात (यात पॅडलनं ढवळलेल्या द्रवात गोळीतून औषध किती सुटतं ते बघतात) टाकली तर बाईसाहेब तरंगायला लागल्या आणि जाऊन पॅडलच्या दांड्याला चिकटल्या. अर्ध्या तासाच्या नमुन्यात औषध जवळजवळ शून्य. दोन दिवस मी नमुन्यातलं औषध मोजणाऱ्या यूव्ही मशिनला दोष देत बसले. मशिन ठणठणीत होतं. बाहेरचं कवच पूर्ण बंद होतं, आत नुसती हवा, पाणी जाणार कुठून? तेव्हापासून दोन सवयी लागल्या. पोकळ गोळीला सिंकर, म्हणजे ती बुडून राहावी म्हणून धातूच्या तारेचं वेटोळं, घालते. आणि पाणी आत शिरायला हवं असेल तर स्लायसरमध्ये वरचे-खालचे भरीव थर शून्य करते, म्हणजे जाळी उघडी राहते. उलट, सुरुवातीला काही वेळ औषध सुटूच नये असं हवं असेल तर तेच बंद कवच कामाला येतं. कवच जाड करत जा, उशीर वाढत जातो.

आणखी एक फसगत: इन्फिल कमी केलं की डोसही कमी होतो. वरच्याच मापाची भरीव गोळी साधारण ३७५ मिलिग्रॅम भरते, १० टक्केवाली २१०च्या आसपास. म्हणजे औषध ७५ ऐवजी ४२ मिलिग्रॅम. दोघींची तुलना करायची तर पोकळ गोळी मोठी करून डोस जुळवून घ्या. डोस न जुळवता नुसते टक्क्यांचे आलेख शेजारी ठेवून खूश होणारे मी बरेच पाहिलेत.

मोजमाप नेहमीचंच: पॅडल, ५० आरपीएम, ९०० मिली, ३७ अंश. दर वेळी ५ मिली काढा, तेवढंच कोमट माध्यम परत घाला, नमुना लगेच गाळा, यूव्ही मशिनवर २४३ नॅनोमीटरला वाचा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक रचनेच्या सहा गोळ्या लावा. आलेख चुकीचा वाटला तर भांड्यातली अर्धवट झिजलेली गोळी चिमट्यानं बाहेर काढून आडवी कापा. आतली जाळी कोरडी आहे की ओली, एवढं बघितलंत तरी निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.